आजोबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात एक वेब्ली मार्क ६ आहे, ब्रिटिश बनावटीचं जुनं लष्करी रिव्हॉल्वर. आधी आजोबांचं, मग वडिलांचं, आता माझ्या परवान्यावर. आजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. सातारा जिल्ह्यात अशी घरं कमी नाहीत, त्यामुळे ही गोष्ट नात्यागोत्यात पसरल्यापासून मला दर वर्षी पाचसहा फोन येतात. मी शस्त्रविक्रेता नाही आणि वकीलही नाही. पण प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

माळ्यावरच्या ट्रंकेत पिस्तूल सापडलंय. पहिल्यांदा काय करू?

हात काढून घ्या. खरंच. सापडल्या सापडल्या माणूस तीन गोष्टी करतो: चाप ओढून बघतो, धोतराच्या फडक्याने पुसतो आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तिन्ही नडतात. पहिलीने जीव जाऊ शकतो, दुसरीने खुणा जातात, तिसरीने पोलीस तुमच्याआधी बातमी वाचतात.

ट्रंक आहे तशी बंद करा, पोरांना माळ्यावरून खाली काढा आणि घरातल्या कागदांची पिशवी उघडा. परवान्याचं पुस्तक, जुन्या जमा-पावत्या, आजोबांचं डिस्चार्ज बुक, जे मिळेल ते. पिस्तुलाआधी कागद शोधायचे, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि जवळपास कुणीच ऐकत नाही.

ते भरलेलं आहे का, हे कसं कळेल?

कळेपर्यंत भरलेलंच आहे असं धरा. शंभर वर्षं पडून असलेलं काडतूससुद्धा उडू शकतं.

वेब्लीत डाव्या अंगाला, घोड्याच्या (चाप ओढला की काडतुसावर आपटतो तो मागचा भाग) जवळ अंगठ्याने दाबायची एक खटकी असते. ती दाबली की नळी पुढे खाली मोडते आणि चक्रीतली काडतुसं आपोआप वर उचलली जातात. वाचायला सोपं आहे. पण गंजलेली खटकी जोर लावून दाबताना बोट चापावर जातं, नळीचं तोंड मांडीकडे वळतं. आधी कधी हाताळलं नसेल तर हे करू नका. पोलिसांचा शस्त्रागारातला माणूस किंवा परवानाधारक विक्रेता मिनिटभरात बघून देतो.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायच्या पिस्तुलाचा धोका वेगळा. तिथे चक्री नाही, मोडणारी नळी नाही, भरलंय की नाही ते वरून दिसतच नाही. आणि काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. तपासणारा माणूस नळीच्या तोंडातून लाकडी काडी अलगद आत सोडतो, तोंडापाशी खूण करतो आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून बघतो. काडी बत्तीच्या भोकाच्या बरीच अलीकडे अडत असेल तर आत काहीतरी बसलेलं आहे. तेवढ्यावर थांबायचं. उकरायचं नाही, पाणी ओतायचं नाही, तापवायचं तर नाहीच नाही.

परवाना वडिलांच्या नावावर होता, वडील वारले. आता?

शस्त्र कायदा १९५९, कलम २१. परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ‘दिवसकार्य झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता तीन वर्षं जातात आणि साधी कागदपत्रांची गोष्ट गुन्ह्याची होऊन बसते.

जमा केल्यावर वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळा नियम आहे, क्रमांक २५. परवानाधारक हयात असतानाही नाव बदलता येतं: त्यांचं वय ७० झालेलं हवं किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असायला हवं. वडील ऐंशीचे असतील तर हे आजच करा. नंतर मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रत्येक भावाबहिणीची नाहरकत गोळा करत फिरावं लागतं. माझी एक आत्या तेव्हा वडिलांशी बोलत नव्हती, तिच्या सहीसाठी मला दोन दिवाळ्या थांबावं लागलं.

आणखी दोन गोष्टी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेली धरूनच. आणि लष्करी रिव्हॉल्वरचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास. .३८० आणि .४५५ची कड असलेली काडतुसं ज्यात बसतात ते रिव्हॉल्वर निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, ९ एमएमचं लष्करी पिस्तूलही त्यातच. म्हणजे वेब्ली मार्क ६, एनफिल्ड नंबर २ ही सगळी. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, अर्ज वरपर्यंत, केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. वेळ लागतो. विनापरवाना सापडलं तर शिक्षाही साध्या बोअरपेक्षा बरीच कडक आहे.

आणि परवाना कधी सापडलाच नाही तर? पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, जमल्यास वकिलासोबत. हँडबॅगेत घालून एसटीने घेऊन जाऊ नका. आपण होऊन कळवलेल्याची नोंद वेगळी होते आणि नाक्यावर बॅगेत सापडलेल्याची वेगळी.

पण ते जुनाट आहे, चालतही नाही. मग परवाना कशाला?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद होतात. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. पुढचे शब्द असे की ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. ‘दुरुस्ती करूनही’ हे महत्त्वाचं. घोड्याची सुई तुटली, स्प्रिंग गेली, चक्री अडकली, हे सगळं दुरुस्त होतं. त्यामुळे सुई मोडून टाकल्याने पिस्तूल कायद्यातून सुटत नाही. फक्त पिस्तूल बिघडतं.

२०२० मध्ये नियमांत ‘क्युरिओ’ची, म्हणजे संग्रही ठेवायच्या जुन्या शस्त्रांची, तरतूद आली. त्या वर्गात बसणारं शस्त्र नुसतं बाळगायला परवाना लागत नाही, वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला लागतो. पण आपलं पिस्तूल क्युरिओ आहे हे आपणच घरी बसून ठरवायचं नसतं. अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि तो कागद पिस्तुलाइतकाच जपा.

पोलीस ठाण्यात जमा केलं तर खराब होईल ना?

होऊ शकतं. आमचं एकदा निवडणुकीच्या वेळी जमा होतं. परत आलं ते ओल्या गोणपाटाच्या वासासकट, नळीवर बोटांच्या ठशांच्या आकाराचे गंजाचे डाग घेऊन. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्देमालाची खोली ती मुद्देमालाची खोली.

तेव्हापासून मी जमा करण्याआधी पातळ तेलाचा हात फिरवतो, स्वच्छ सुती कापडात गुंडाळतो, वरून जाड पॉलिथिन, आणि बाहेर नाव, परवाना क्रमांक, शस्त्र क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधतो. पावतीवर शस्त्राचा क्रमांक नीट उतरलाय का ते तिथेच उभं राहून वाचतो. ६ चा ८ झाला की पुढचं वर्ष त्यातच जातं. परवानाधारक विक्रेत्याकडे थोडं भाडं भरून ठेवता येतं. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मला तेच बरं वाटतं.

हे पिस्तूल की रिव्हॉल्वर?

फिरती चक्री असेल तर रिव्हॉल्वर, मुठीत काडतुसांची पेटी सरकत असेल तर पिस्तूल. घरात काहीही म्हणा, अर्जावर मात्र बरोबर लिहा.

नेमकं कुठलं मॉडेल आहे, कसं ओळखू?

आपल्याकडच्या लष्करी घरांत सापडणारी बहुतेक रिव्हॉल्वर बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची किंवा एनफिल्डच्या सरकारी कारखान्याची असतात. शिपायाला रायफल मिळायची. रिव्हॉल्वर असायचं गोऱ्या अधिकाऱ्यांकडे आणि आपल्या जमादार-सुभेदारांकडे.

आधी मूठ बघा. पोपटाच्या चोचीसारखी गोल वळलेली असेल तर वेब्ली मार्क १ ते ५ पैकी काहीतरी. मार्क १ आलं १८८७ मध्ये, मार्क ४ १८९९ मध्ये, म्हणून त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातलं म्हणतात, आणि मार्क ५ १९१३ मध्ये. यांची नळी साधारण चार इंची. मूठ खाली चौकोनी आणि नळी सहा इंची असेल तर मार्क ६, मे १९१५ मध्ये स्वीकारलेलं. हे धूड आहे: सव्वाअकरा इंच लांब, वजन सुमारे १.१ किलो. लहानपणी आजोबांनी एकदा हातात दिलं होतं, मनगट खाली गेलं. ही सगळी .४५५ची. पहिल्या महायुद्धात मार्क ६ वेब्लीनेच बनवलं, १९२१ नंतर काही वर्षं एनफिल्डनेही.

तसंच दिसणारं पण लहान, हातात हलकं, म्हणजे .३८ची पिढी. एनफिल्ड नंबर २ हे १९३२ मध्ये आलं. १९३८ पासूनच्या प्रकारात घोड्याला अंगठ्याने मागे ओढायचं शेपूटच नाही. रणगाड्यात चढता-उतरताना ते कुठेतरी अडकायचं म्हणून काढलं, असं सांगतात. लोक मला फोन करतात, ‘घोडा तुटलाय’. तुटला नाही, तो तसाच आहे. वेब्लीनेही दुसऱ्या महायुद्धात .३८चं मार्क ४ बनवलं. त्यातल्या बऱ्याच नगांवर ‘वॉर फिनिश’ असा शिक्का आहे, कारण घाईत वरचं पॉलिश ओबडधोबड ठेवलं होतं. तो खडबडीतपणा हाच त्याचा अस्सलपणा, तो घासून गुळगुळीत करू नका.

त्यावरचे बारीक शिक्के काय सांगतात?

मला विचाराल तर सगळी मजा इथे आहे. दिवसा खिडकीपाशी बसा, टॉर्च जवळजवळ आडवा धरा म्हणजे उथळ ठसेसुद्धा सावलीने उठून दिसतात. भिंग घ्या. खडू, शाई, बूटपॉलिश काही भरू नका.

मुकुटाखालची अक्षरं राजाची. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आर म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे सरकारी मालकी. त्या बाणाखाली आय हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारची मालकी. आणि दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते शस्त्र सरकारी सेवेतून रीतसर विकून काढलेलं. या शेवटच्या खुणेने आमच्या घरातली एक दंतकथा मोडली, ती पुढे सांगतो.

मुकुटाखाली बी व्ही, बी पी, एन पी अशी अक्षरं असतील तर ती बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, म्हणजे जास्त दाबाने उडवून नळी तपासल्याची खूण. वेब्लीवर नाव, मार्क आणि बऱ्याचदा साल चौकटीवर किंवा नळीच्या वरच्या पट्टीवर सापडतं. अनुक्रमांक चौकटीवर, नळीवर आणि चक्रीवर वेगवेगळा शोधा. तिन्ही जुळले तर पिस्तूल एकसंध आहे. चक्रीचा वेगळा निघाला तर ती पलटणीच्या कारखान्यात कधीतरी बदललीय, तोही त्याचा इतिहासच.

कधी वरच्या पट्टीवर आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचं नाव सापडतं. अधिकारी स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्वर घेत, ते तिथून. या सोसायटीची मुंबईची शाखा १८९१ ची, काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे.

शेवटची गोष्ट, नक्कल. वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलच्या बाजूला हाताने घडवलेली वेब्लीची हुबेहूब पिस्तुलं निघत. कानस चालवणाऱ्याला इंग्रजी येत नसे, म्हणून एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, मुकुट वाकडा. असं दिसलं तर त्यात गोळी घालायचा विचार स्वप्नातही नको, पोलाद कसलं आहे ते कुणालाच माहीत नाही. पण फेकूही नका. कारागिरी म्हणून ती अफाट असतात.

घरात सांगतात की हे १८५७ चं आहे. खरं असेल का?

नळी मोडणारं वेब्ली असेल तर नाही. १८५७ मध्ये ते जन्मालाच आलं नव्हतं. तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे अ‍ॅडम्सचं किंवा कोल्टचं रिव्हॉल्वर असे, दोन्ही टोपीची: चक्रीच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची आणि मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. तसली बोंडं दिसली तर मात्र मला फोन करा, रात्री केला तरी चालेल.

आमच्या घरची दंतकथा कूतची होती. आजोबांच्या थोरल्या भावाने हे रिव्हॉल्वर पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यातून आणलं, असं सगळे सांगायचे. कूतमध्ये मराठे होते हे खरं. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा, उपासमारीत काढलेले महिने आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पण शरण जाण्याआधी त्यांनी आपली हत्यारं स्वतः नष्ट केली. तुर्कांच्या कैदेतून वाचून आलेला माणूस रिव्हॉल्वर घेऊन कसा येईल? त्यात आमच्या वेब्लीवर साल आहे १९१७. आणि दोन बाण टोकाला टोक. मग वडिलांच्या फायलीत तळाशी आजोबांचा पहिला परवाना सापडला: रिव्हॉल्वर विक्रेत्याकडून घेतलेलं. सेवेतून काढलेला माल, पेन्शन सुरू झाल्यावर शेतावरच्या राखणीसाठी.

थोरले आजोबा कूतमध्ये होतेच, त्यांचं नाव घरच्या कागदांत आहे. हत्यार तेवढं त्यांचं नव्हतं. हे सांगितलं तेव्हा काका माझ्यावर चिडले, अजून थोडे चिडलेलेच आहेत.

त्यावर इंग्रजी नाहीच, काहीतरी परकीय लिहिलंय.

युद्धात हाती लागलेलं असेल. मराठा पलटणी १९४३ ते ४५ इटलीत लढल्या, त्यामुळे बेरेटा सापडतात. मॉडेल १९३४ च्या डाव्या अंगाला कंपनीचं नाव, गार्दोने हे गावाचं नाव, साल, आणि सालापुढे रोमन आकडा. तो आकडा फॅसिस्ट राजवटीच्या वर्षांचा, १९२२ पासून मोजलेला. १९४१ या सालाशेजारी रोमन १९ (XIX) दिसेल.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेलं असेल तर जपानी नांबू, टाइप १४. त्यावर एक जपानी अक्षर आणि दोन आकडे, मध्ये टिंब. पहिल्या आकड्यात १९२५ मिळवा, दुसरा महिना. १९.५ म्हणजे मे १९४४, बनल्याची तारीख. मराठ्यांची चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये इंफाळजवळ सांगशाकला जपान्यांशी भिडली होती, तेव्हा कुणाचे आजोबा त्या पलटणीत असतील तर तारखा ताडून बघा. मे १९४४ ला बनलेलं पिस्तूल मार्चमध्ये सांगशाकला असू शकत नाही.

ठासणीचं आहे, कुलपाच्या पट्टीवर सिंह कोरलाय.

मागच्या दोन पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी कंपनी चार भाग केलेलं हृदय वापरायची, वर चाराच्या आकड्यासारखी रेघ. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची सोय असेल तर चकमकीचं, घोडा पोकळ टोपीसारखा खाली येत असेल तर टोपीचं. पुष्कळ चकमकीची नंतर टोपीची करून घेतली, बुजवलेली भोकं बघून ते कळतं.

गंज चढलाय. कशाने साफ करू?

पहिल्यांदा कशाने करायचं नाही ते ऐका. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, देवाची भांडी घासायची कुठलीच पावडर नाही. पॉलिशपेपर नाही. खोबरेल तर अजिबात नाही. आमच्या आजीने प्रेमाने वर्षानुवर्षं तेच लावलं, ते खवट होऊन चापाच्या मागे मेणासारखं घट्ट झालं, आणि काढायला मला एक पावसाळा लागला.

मग गंज कुठला ते ओळखा. नारिंगी, बोटाला भुकटी लागणारा गंज जिवंत आहे, तो धातू खातोय. तपकिरी-काळपट, घट्ट, गुळगुळीत थर हा धातूचं वय आहे. जुन्या हत्याराचं अर्धं मोल त्या थरात असतं, त्याला हात लावायचा नाही.

जिवंत गंजावर पातळ खनिज तेलाचा थेंब सोडा. घरात शिवणयंत्राचं तेल असतंच, ते चालतं. रात्रभर ठेवा. सकाळी बांबूची कामटी तासून घ्या आणि तिच्या टोकाने, दातातलं काढावं तसं, हळू खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि धातूवर ओरखडा येत नाही. मऊ कापडाने टिपा, परत थेंब. एका बैठकीत रुपयाएवढी जागा झाली तरी खूप झालं. शेवटी सगळं तेल पुसून घ्या. तेलाचा जाड थर धूळ धरतो आणि धूळ ओल धरते.

त्यावर मी सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात देतो, संग्रहालयांत वापरतात ते. तेलासारखं ओघळत नाही. दारात कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मारायचे फवारे दोन दिवसांच्या कामाला ठीक आहेत, दहा वर्षांच्या नाही.

स्क्रू खोलू नका. जुन्या वेब्लीच्या स्क्रूची खाच अरुंद असते, बाजारातला स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि एकदा निसटला की खाचेचे काठ कायमचे फाटतात. घोडा रिकामा आपटत बसणं हेही बंद.

निकेल चढवून नवं करून घेतलं तर?

चिपळूणच्या मावसभावाने घेतलं. बफवर घासून, निकेल चढवून, स्टीलच्या तांब्यासारखं चकचकीत. घासताना साल गेलं, मुकुट गेला, अनुक्रमांकाचे दोन आकडे पुसट झाले. परवान्याच्या नूतनीकरणाला तेच दोन आकडे वाचता येईनात. पुढचं तुम्हीच समजा.

मूठ तपकिरी पडलीय आणि वास येतो.

मार्क ६ च्या मुठीच्या पट्ट्या लाकडी नाहीत, व्हल्कनाइटच्या आहेत, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेड आणि ओल लागली की काळ्याचा तपकिरी होतो आणि त्यातून गंधकाचं आम्ल सुटतं, ते शेजारच्या लोखंडाला लागतं. उजेडापासून दूर ठेवणं एवढाच उपाय. काचेच्या पेटीत खिडकीसमोर मांडून ठेवायची हौस असेल तर ती या कारणाने सोडा.

कोकणात राहतो. पावसाळ्यात कसं सांभाळू?

लोखंडाला हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत लागते. जुलैत रत्नागिरीला ती मिळणार नाही, म्हणून पिस्तुलापुरती वेगळी हवा तयार करायची. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि पंधरावीस मिनिटांत स्थिर होणारा लहानसा आर्द्रतामापक. जेल रंग बदललं की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं. डब्यात तांदूळ टाकल्याने काही होत नाही, पोरकिडे मात्र होतात. डांबर गोळ्याही नकोत, त्यांचा गंजाशी संबंध नाही. हा डबा अर्थातच कुलपाच्या कपाटात.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं. लोकरीचं कापड ओल धरतं. जुनं धुतलेलं सुती धोतर सगळ्यात चांगलं. आणि उघड्या हाताने धरल्यावर घाम पुसल्याशिवाय परत ठेवू नका. मघाचे बोटांच्या ठशांचे गंज आठवा.

चामड्याच्या म्यानातच ठेवलेलं बरं ना?

नाही. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंड खातात. पितळी बटणांभोवती हिरवं मेणासारखं जमलं असेल तर ते तांबं आणि चामड्यातल्या तेलाचं, कामटीने काढता येतं. म्यान, पट्टा आणि मुठीच्या कडीत अडकवायची दोरी वेगळ्या पिशवीत ठेवा, पण ठेवा. म्यानाच्या आत झाकणाखाली कित्येकदा शाईने नाव किंवा पलटणीचा क्रमांक लिहिलेला असतो, जो पिस्तुलावर कुठेच नसतो.

सोबत चार काडतुसं होती.

काडतुसांना परवान्याचा वेगळा हिशेब आहे. जुन्या पितळेला भेगा पडतात, आतलं द्रव्य बिघडतं. उघडायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, दिवाळीत विस्तवात तर नाहीच. पोलिसांना सांगून जमा करा आणि पावती घ्या.

अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवता येईल का? किंमत किती येईल?

नाही. शंभर वर्षं झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ चं वेब्ली त्यात आलंच. वर शस्त्र म्हणून वेगळी बंधनं. मुलगा तिकडेच एखादं घेत असेल तर त्याला एवढं सांगा: अमेरिकेत बऱ्याच वेब्लींची चक्री मागून तासून त्यात .४५ची अमेरिकन काडतुसं बसवली आहेत. त्यांचा दाब वेब्लीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

किमतीबद्दल मी बोलत नाही. निषिद्ध बोअरचा उघडा बाजार नाही, आणि जो भाव सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

घरात कुणालाच नको असेल तर?

संग्रहालयाला विचारा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये, पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रं आहेत. मराठा पलटणीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. नुसतं आणखी एक वेब्ली कुणाला नको असतं. हे अमुक सुभेदाराचं, ही त्याची सनद, हा फोटो, हा परवाना, असं सगळं मिळून दिलंत तर विचार होतो. आधी पत्र, मग परवानगी, मग वस्तू.

सोबत काय लिहून ठेवायचं?

एक साधी वही. कुणाकडून कुणाकडे आलं, कोणत्या साली, प्रत्येक शिक्का कुठे आहे आणि कसा दिसतो, कधी कुठलं तेल लावलं, कुठे जमा होतं. ऐकीव गोष्ट लिहायची तर ‘काका सांगतात’ असं लिहून. कूतची गोष्टही माझ्या वहीत तशीच आहे, काकांच्या नावावर.

एक पान नुकसानीचं ठेवा. मागे एक अभ्यासू गृहस्थ आमच्याकडे आले होते, मुठीच्या पट्टीखालची तिरकी रेघ भिंगातून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, ही पलटणीच्या शस्त्रागाराची खूण असावी. वहीत त्या रेघेसमोर लिहिलंय: ‘१९६८ किंवा ६९, मे महिना. मी, खिळ्याने. आजोबा झोपले होते.’